जंगलात खारी नक्की राहतात कुठे? ढोलीत, घरट्यात का बिळात?

निसर्गवेडी:
जंगलात खारी भरपूर दिसतात पण त्यांचं घर काही नजरेला पडत नाही. कोणी म्हणतं ढोलीत राहतात, कोणी म्हणतं पक्ष्यांसारखं घरटं बांधतात, आणि बीळ करून राहतात असंही वाचलंय. खरं काय? आणि उंचावर काटक्यांचा गोळा दिसला तर तो खारीचा का कावळ्याचा हे कसं ओळखायचं?

पानगळ:
तिन्ही खरंय ताई, खार कुठल्या जातीची त्यावर आहे. झाडावरच्या बऱ्याच खारी ढोली आणि घरटं दोन्ही वापरतात. ढोली त्या स्वतः कोरत नाहीत, सुतार पक्ष्याने कोरून सोडलेली नाहीतर फांदी मोडून लाकूड कुजून झालेली पोकळी मिळाली की तिथे शिरतात, झाडाची साल वाढून तोंड बुजायला लागलं की कडा कुरतडून मोकळं ठेवतात. पिल्लं जन्मतात ती डोळे मिटलेली, अंगावर केस नाहीत, त्यामुळे ऊब आणि आडोसा दोन्ही हवा, आणि त्यासाठी ढोलीसारखी जागा नाही. आणि एका खारीचं एकच घर नसतं बरं का, पिसवा झाल्या किंवा शिकारी घुटमळायला लागला की आई एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या घरी हलवते.

झाडोरा:
ओळखायचं सोपं आहे. कावळ्याचं घरटं वरून उघडं, वाटीसारखं, बिनपानांच्या सुक्या काड्यांचं. खारीचं म्हणजे सगळीकडून बंद गोळा, बेचक्यात किंवा खोडाला चिकटून बसवलेला, काटक्यांना पानं तशीच आणि आत शेवाळ, गवत, सालीचे धागे असं मऊ अस्तर. खार हिरव्या डहाळ्या पानांसकट तोडते, आणि तुटलेल्या डहाळीची पानं झाडावरच्यासारखी आपोआप गळत नाहीत, वाळून तिथेच चिकटून राहतात. म्हणून पानगळीत झाड उघडंबोडकं झालं की हे गोळे लांबूनही दिसतात, शोधायला तोच काळ चांगला.

कोवळं_ऊन:
शेकरूचं राहिलं की! शेकरू जवळपास सगळं आयुष्य झाडांच्या शेंड्याशेंड्यांनी काढतं, जमिनीवर क्वचितच उतरतं. त्याची मोठी गोल घरटी असतात, एकाची अनेक, आणि तीही उंच बारीक फांद्यांवर जिथे जड शिकारी प्राणी पोचू शकत नाही. म्हणून त्याला फांद्यांना फांद्या भिडलेलं सलग जंगल लागतं, मधली झाडं तोडली की घरटं शाबूत असून उपयोग नाही कारण जायला यायला वाटच उरत नाही, आणि हे बघून खरंच जीव तुटतो.

पानगळ:
बिळातल्या म्हणजे जमिनीवरच्या खारी, त्यातल्या थंड प्रदेशातल्या बऱ्याच जाती हिवाळाभर बिळात झोपून काढतात. झाडावरच्या खारी तशा झोपत नाहीत. उडणाऱ्या खारींना ढोली आवडते, थंडीत काही जातींच्या कितीतरी खारी एकाच ढोलीत एकमेकींना बिलगून राहतात.

निसर्गवेडी:
मस्त माहिती, सगळ्यांचे आभार! मग वठलेल्या झाडातही खारी असतील का? अशी झाडं नेहमी तोडलेली दिसतात.

झाडोरा:
हो, ढोल्या जास्त करून जुन्या आणि वठलेल्या झाडांतच मिळतात, नव्या लावलेल्या झाडाला ढोली पडायला कैक दशकं जातात. त्यामुळे कोणाला धोका नसेल तर ते झाड उभंच ठेवायला सांगा. ढोलीच्या तोंडाच्या कडा ताज्या कुरतडलेल्या, गुळगुळीत दिसल्या तर समजायचं आत कोणीतरी राहतंय. बॅटरी मारून आत बघू नका, पिल्लं असली तर आई घाबरून जागा सोडते. लांब बसून सकाळी लवकर दुर्बिणीने बघा.