३०० बैठका आणि चार दिवस सलाईन: "अंग मोडल्याशिवाय अंग बनत नाही" हे खरं आहे का?

मंगळवारपेठकर
वय ४४. विशीत तालमीत होतो, रोज पाचशे बैठका मारायचो. मग नोकरी, लग्न, दुकान. वीस वर्षं अंगाला माती लागली नाही. गेल्या महिन्यात जुने गडी भेटले, विषय निघाला, "आता कुठलं जमतंय तुला?" तिथंच शर्ट काढला आणि सलग ३०० मारल्या. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या, त्याचं काय नाही, ते चालायचंच. तिसऱ्या दिवशी सकाळी लघवी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. मांड्या दगडासारख्या टम्म, जिना उतरताना कठडा धरून एकेक पाय खाली सोडायचा. डॉक्टर म्हणाले, स्नायू फुटलेत आणि त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तातनं मूत्रपिंडात चाललंय. रॅब्डोमायोलिसिस. स्नायू फुटले की रक्तात सीपीके नावाचं एन्झाइम वाढतं, ते चांगल्या माणसाचं शे-दोनशेच्या आसपास असतं, माझं ४२ हजार आलं. चार दिवस सलाईन. डायलिसिसवर गेलो नाही, एवढंच नशीब.

माझं म्हणणं असं की "अंग मोडल्याशिवाय अंग बनत नाही" हे आपण कोल्हापुरात पोरांच्या डोक्यात लहानपणापासून घालतो, ते बंद झालं पाहिजे. पटत नसेल तर बोला.

तांबडी_माती
नाही पटत. दादा, तुमच्या तब्येतीचं वाचून वाईट वाटलं, पण तालमीवर खापर फोडू नका. नवं पोरगं आलं की आमचे वस्ताद त्याच्या हातात आधी फावडं देतात. पंधरा दिवस नुसता हौदा, म्हणजे कुस्तीची माती, उकरायचा. मग वीस जोर, वीस बैठका. पुढचा आकडा वस्ताद ठरवणार, पोरगं नाही. रात्री नऊला झोप, दूध-तूप, बदामाची थंडाई, आठवड्याला मालिश. पाचशे बैठकांच्या मागं एवढं सगळं उभं असतं. तुम्ही आकडा तेवढा लक्षात ठेवला, बाकीचं विसरला. राजर्षी शाहूंनी १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं केलं तेव्हापासून या गावानं पैलवान घडवलेत, ते काय अंग मोडून?

मंगळवारपेठकर
हे मान्य. पण भावा, तो वस्ताद आज किती जणांना आहे? जिममध्ये पहिल्या दिवशी शेजारचा किती उचलतो ते बघून पोरं प्लेटा चढवतात. माती गेली, वस्ताद गेला, ते वाक्य तेवढं राहिलं.

शुगर_१८०
मी वेगळंच बोलणार आहे, राग मानू नका. असले धागे वाचून माझ्यासारख्यांचं नुकसान होतं. माझे वडील ५८ व्या वर्षी गेले. शुगर, प्रेशर, आणि घर ते दुकान स्कूटर. व्यायामानं दगावलेला माणूस मी माझ्या गल्लीत पाहिला नाही, बसून बसून गेलेले सात-आठ पाहिलेत. माझा थोरला भाऊ हे वाचून म्हणेल, "बघ, मी म्हणत होतो ना," आणि परत पाय वर करून बसेल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, वर दोन दिवस ताकदीचा. आपल्यातल्या किती जणांचा होतो? तांबडा-पांढरा वाटी-वाटीनं रिचवतोय आणि भीती घालतोय बैठकांची. बसण्याची घाला.

फिजिओ_राजारामपुरी
दोन्ही खरं आहे, पण शुगरवाल्या दादांना एक सांगते. इतकी वर्षं बसलेला माणूस भावनेच्या भरात एकदम उठतो, तेव्हाच आमच्याकडं येतो. जुलैमध्ये पन्हाळा-पावनखिंड मोहीम झाली की आठवडाभर मला गुडघेच गुडघे दिसतात. वर्षभर लिफ्टनं जाणारी माणसं, पावसात, चिखलात, नव्या कोऱ्या बुटांत. मोहिमेला जाऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही. मे महिन्यापासून चालायला लागा.

चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत नसलं तरी चालेल. तो मध्यम व्यायाम. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं वाढून मग उतरत गेलं तर काळजी नाही. लघवी काळपट झाली, किंवा दुखण्यापेक्षा सूज आणि अशक्तपणा जास्त वाटला, तर त्याच दिवशी दवाखाना. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घेरी, यातलं काहीही झालं तर तिथंच थांबायचं आणि कुणाला तरी हाक मारायची. "एवढा राउंड संपवतो" नको. प्रेशर असलेल्यांनी श्वास कोंडून वजन उचलू नये.

रंकाळा_पहाटे
मी अंग मोडून घेतलं नाही, तरी लिहावंसं वाटतंय. दोन वर्षांपूर्वी मुलानं घड्याळ दिलं, पावलं मोजणारं. रोज दहा हजार. रंकाळ्यावर फेऱ्या मारताना आधी पाणी बघायचे, बगळे बघायचे, ओळखीच्या बायकांशी बोलायचे. नंतर मनगट बघायला लागले. श्रावणात मला ताप होता, तरी रात्री अकराला हॉलमध्ये सोफ्याभोवती फिरत होते, ७०० पावलं राहिली होती म्हणून. लेक दारात उभी राहून म्हणाली, "आई, कुणासाठी करतीयस?" मला उत्तर देता आलं नाही. मग कळलं की दहा हजार हा आकडा कुठल्या डॉक्टरानं ठरवलेलाच नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. तिथून तो आला. एका यंत्राच्या नावासाठी मी तापात फिरत होते.

एक_दिवस_एक_फेरी
ताई, तुमचं दुःख समजतं, पण माझ्यासारख्याला आकडाच लागतो. अकरा वर्षं झाली दारू सोडून. ज्या दिवशी सोडली त्या दिवसापासून रोज चालतोय, एकही खाडा नाही. लोक म्हणतात अतिरेक आहे. खाडा पडला की माझ्या डोक्यात दुसरा विचार शिरतो, तो कुठला ते मला माहीत आहे. "शरीराचं ऐका" म्हणता, पण माझ्या शरीरानं पंधरा वर्षं मला दुकानाकडंच ओढलं. मी त्याचं ऐकायचं?

रंकाळा_पहाटे
दादा, याला माझ्याकडं उत्तर नाही. तुमचं तुम्ही जपा. पण ताप असताना काय करता?

एक_दिवस_एक_फेरी
बूट घालतो, फाटकापर्यंत जातो, परत येतो. बूट काढून झोपतो. माझ्या वहीत ती फेरी धरतो.

तांबडी_माती
काका, तुमच्या वहीला मुजरा.
विश्रांतीचं मलाही सांगायचंय. खाशाबा जाधव आपल्या राजाराम कॉलेजचे. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या मल्लाशी लांबलेली कुस्ती झाली आणि लगेच सोव्हिएत मल्लापुढं उभं केलं. मधे अर्ध्या तासाची विश्रांती नियमानं मिळायला हवी होती, पण भांडायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता. दमलेल्या अंगानं लढले, हरले, कांस्य मिळालं. हे आम्ही पोरांना सांगतो ते जिद्दीची गोष्ट म्हणून. आता वाटतं, त्या अर्ध्या तासाबद्दलही सांगायला पाहिजे.

शुगर_१८०
हे पटलं. पण माझ्या भावाला उठवायचं कसं, ते कुणीच सांगितलं नाही.

फिजिओ_राजारामपुरी
व्यायाम हा शब्द काढू नका. जेवण झालं की म्हणा, "कोपऱ्यापर्यंत चल, पान खाऊन येऊ." पान खाल्लं नाही तरी चालेल. पंधरा दिवस कोपरा बदलू नका.

मंगळवारपेठकर
धागा काढताना रागात होतो, ते वाक्य बंद करा म्हणालो. तांबडी मातीवाल्या भावानं वस्तादाचं लिहिलं, तेव्हा आमचे वस्ताद आठवले. मी पाचशेवर गेलो ते तिसऱ्या वर्षी, आणि त्यांनी मला दोनदा मागं आणलं होतं, हे मी पार विसरलो होतो. परवा रिपोर्ट आला, सीपीके १६०. डॉक्टरांनी हलका व्यायाम चालू करा म्हटलंय. काल संध्याकाळी खुर्ची भिंतीला लावली, तिच्यावर टेकून उठायचं, अशा दहा केल्या. बायको समोर बसून मोजत होती. अकरावीला वाकलो तर तिनं खुर्ची ओढून घेतली.