हिऱ्यातील एनव्ही केंद्राचे स्पिन-वाचन कसे सुधारावे?

प्रश्न: हिऱ्यातील एकेका एनव्ही केंद्रावर (कार्बनच्या जागी आलेला नायट्रोजन अणू व त्याशेजारची रिकामी जागा मिळून बनलेला दोष) ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर टाकून मी लाल प्रकाश मोजतो, परंतु त्यातील इलेक्ट्रॉनच्या दोन स्पिन-अवस्थांच्या (स्पिन म्हणजे त्याचा सूक्ष्म चुंबकासारखा गुणधर्म) उजेडात जेमतेम ३० टक्के फरक असतो आणि एका वाचनात सरासरी एक फोटॉनही हाती लागत नाही. लेसर अधिक वेळ चालू ठेवावा का?

उत्तर १: त्याने उपयोग होणार नाही. तोच लेसर स्पिनला पुन्हा मूळ अवस्थेत नेत असल्याने हा फरक सुमारे ३०० नॅनोसेकंदांत मावळतो. हिऱ्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचे माप) २.४ इतका मोठा असल्यामुळे बराचसा प्रकाश आतच परावर्तित होतो. म्हणून आधी केंद्राभोवती अर्धगोल भिंग कोरून घ्यावे.

उत्तर २: भिंगाबाबत सहमत आहे. शिवाय स्पिनची माहिती केंद्राच्या विद्युतभारात उतरवता येते. भार मंद प्रकाशातही बराच टिकतो, त्यामुळे पुष्कळ फोटॉन गोळा होतात. मात्र वाचन लांबते, म्हणून वाचनापूर्वीचा मापनकाळच दीर्घ असेल तेव्हाच हा मार्ग परवडतो.