रायसिन जैविक अस्त्रात मोडते की रासायनिक?

लष्करवासी : ग्वाल्हेरच्या आमच्या मंडळात विद्यार्थ्यांसाठी संरक्षणविषयक व्याख्यान ठेवले आहे. एरंडाच्या बियांतील रायसिन हे विष जिवंत नसते, त्याची साथही पसरत नाही. तरीही त्याला जैविक अस्त्र म्हणावे काय?

मुरारकर : अवश्य म्हणावे. 1972 च्या जैविक अस्त्रबंदी करारात जंतूंबरोबर विषद्रव्येही येतात, आणि रोगप्रतिबंध, संरक्षण किंवा अन्य शांततामय कारणांसाठी समर्थनीय ठरणार नाही असा त्यांचा प्रकार वा साठा बाळगण्यास पहिल्या कलमाने मनाई आहे. म्हणजे खरी कसोटी हेतूची. आपल्याच गावातील डीआरडीओच्या प्रयोगशाळेत अशा घटकांचा छडा लावण्याचे व त्यांपासून बचावाचे काम चालते, ते त्यामुळेच करारात बसते.

थाटीपूर : थोडी भर घालतो. रायसिन 1993 च्या रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या पहिल्या अनुसूचीतही आहे, तेव्हा ते दोन्हीकडे मोडते. साथीची अट तर धरूच नये : 2001 मध्ये अमेरिकेत टपालातून पाठवलेल्या अँथ्रॅक्सने 5 जण दगावले, आणि तो रोग माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही.

लष्करवासी : आभारी आहे. व्याख्यानात अँथ्रॅक्सचेच उदाहरण आधी घेतो.