क्लबच्या सेसना १७२ साठी सोबत नेता येणारा जीपीएस: एरा की आयपॅड?

निळी_घार (प्रिन्स्टन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये चेकराइड (उड्डाणाची अंतिम परीक्षा) झाली, प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळालं. विमान माझं नाही, क्लबचं. दोन सेसना १७२ आहेत, त्या दिवशी जी मोकळी असेल ती घ्यायची. एकीच्या पॅनेलमध्ये बऱ्यापैकी जीपीएस आहे, दुसरीत नुसता व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून दिशा दाखवणारं जुनं यंत्र) आणि देवाची कृपा. एडीएस-बी आउट, म्हणजे आपली जागा सतत रेडिओवरून सांगणारं यंत्र, दोन्हींत आहे.

उडते फक्त दिवसा आणि व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून. केप मे, लँकेस्टर, फार तर ब्लॉक आयलंड. जुलैत आईबाबा नाशिकहून येताहेत, त्यांना हडसनवरून मॅनहॅटन दाखवायचं आहे.

बजेट हजार डॉलर. डोक्यात तीन गोष्टी आहेत: वापरलेला गार्मिन एरा ६६०, सेल्युलर आयपॅड मिनी आणि त्यावर फोरफ्लाइट हे पायलटांचं नकाशाचं ॲप, किंवा क्लबमधले एक आजोबा त्यांचा जुना जीपीएसमॅप ४९६ जवळजवळ फुकट देताहेत तो. नवरा म्हणतो, फोनवर गूगल मॅप आहे की! त्याला मी उत्तर दिलेलं नाही.

चेरोकीवाला_काका (ह्यूस्टन)

ताई, आधी ४९६, कारण तो लगेच निकालात निघतो. २००६ सालचं यंत्र. तेव्हा त्याचा थाट होता, उपग्रह रेडिओवरून हवामान थेट कॉकपिटमध्ये. पण जुनं यंत्र घेताना दोनच प्रश्न विचारा. त्याचा एव्हिएशन डेटाबेस आजही मिळतो का? तो दर २८ दिवसांनी बदलतो. आणि तारीख बरोबर दाखवतो का? जीपीएस आठवडे मोजतो आणि १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्यापासून सुरू करतो. शेवटचा फेरा एप्रिल २०१९ मध्ये झाला, तेव्हा बऱ्याच जुन्या रिसीव्हरांचं कॅलेंडर बिघडलं. आजोबांना चहा पाजा, यंत्र त्यांच्याकडेच राहू द्या.

आता एरा. ६६० चा पडदा पाच इंची, ७६० चा सात इंची, पण ७६० तुमच्या बजेटबाहेर आहे. ही यंत्रं विमानासाठीच बनवलेली. उन्हात दिसतात, विमानाच्या विजेवर चालतात, मधेच कुणाचा व्हॉट्सॲप येत नाही. टॅब्लेटची खरी अडचण ऊन. आयपॅड वापरण्याची कमाल मर्यादा ॲपल स्वतः ३५ अंश सेल्सियस सांगते. कॉकपिटच्या काचेमागे, टॅक्सीवेवर रांगेत उभं असताना, इथल्या ऑगस्टमध्ये ३५ म्हणजे थंडी. पडदा काळा होतो आणि तापमानाची सूचना तेवढी उरते. तेही नेमकं उड्डाणाआधी, जेव्हा नकाशा हवा असतो.

माझ्या चेरोकी विमानात म्हणूनच ६६० योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) कायम बसवलेला आहे. पण मी ठरलो विमानाचा मालक. तुम्हाला दर वेळी सगळं सोडवून पिशवीत भरायचं आहे, आणि हा फरक कुठल्याही फीचरपेक्षा मोठा आहे. जे दोन मिनिटांत लागत नाही ते घाईत पिशवीतच राहतं.

आणखी एक. उद्या इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगात यंत्रांवर उडण्याचा परवाना) कराल तेव्हा यातलं काहीही ढगात मुख्य नेव्हिगेशन म्हणून चालणार नाही. त्यासाठी पॅनेलमधलं मान्यताप्राप्त यंत्रच लागतं. म्हणून ‘पुढे उपयोगी पडेल’ या नावाखाली पैसे वाढवू नका.

पाय_वाला (सॅन होजे)

काकांच्या उन्हाला मान, पण न्यू जर्सी म्हणजे ह्यूस्टन नव्हे. मिनी घ्या, योकवर ठेवा, एसीचा नसला तरी हवेचा झोत त्यावर वळवा. फक्त वायफायवाला आयपॅड चुकूनही घेऊ नका, त्यात जीपीएसची चिपच नसते. सेल्युलर मॉडेलमध्ये असते, आणि त्यासाठी महिन्याचा डेटा प्लॅन घ्यावा लागत नाही. फोनवरही तेच ॲप टाका. तीच तुमची बॅकअप.

बजेटमधून उरलेले पैसे एडीएस-बी रिसीव्हरवर घाला, तो हवामान आणि इतर विमानांची माहिती पकडून आयपॅडवर दाखवतो. आधी ॲप ठरवा, मग रिसीव्हर, कारण काही रिसीव्हर ठरावीक ॲपशीच बोलतात. हात चालत असतील तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर स्ट्रॅटक्स नावाचा रिसीव्हर घरी जोडता येतो, सॉफ्टवेअर खुलं आहे. (माझं नाव इथूनच.)

९७८ मेगाहर्ट्झवर हवामान फुकट येतं. आजूबाजूची विमानंही दिसतात, पण जमिनीवरचं रडार ज्यांना बघतं अशांची माहिती पाठवली जाते ती आउट चालू असलेल्या विमानाभोवती, साधारण १५ नॉटिकल मैल आणि वर-खाली ३५०० फूट. तुमच्यात आउट आहे म्हणून तुम्हाला हे मिळेल. ज्याच्यात ट्रान्सपाँडरच (रडारला उत्तर देणारं यंत्र) नाही ते जुनं विमान मात्र पडद्यावर येणारच नाही.

उजवी_सीट (इन्स्ट्रक्टर, पेनसिल्व्हेनिया)

दोघांनीही यंत्रं सांगितली, मी हवामानाचं सांगते. पडद्यावरच्या पावसाच्या चित्रावर ‘५ मिनिटांपूर्वीचं’ असं लिहिलेलं असतं, ते चित्र तयार झाल्याची वेळ असते. त्यातली रडारची माहिती त्याहून जुनी असते. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी एनटीएसबीने २०१२ मध्ये इशारा दिला होता की टोकाच्या वेळी हा फरक १५ ते २० मिनिटांचा असू शकतो. तेवढ्यात वादळ धावपट्टीवर येतं. लांबून वळसा घालायला हे चित्र उत्तम, दोन ढगांमधली फट शोधायला नाही.

आणि हडसन. तिथे १३०० फुटांखालच्या पट्ट्यात कंट्रोलर तुम्हाला सांभाळत नाही, रेडिओवर १२३.०५ मेगाहर्ट्झवर आपली जागा आपणच सांगायची. उत्तरेकडे जाताना पूर्व किनारा, दक्षिणेकडे जाताना पश्चिम, वेग १४० नॉटच्या आत. ऑगस्ट २००९ मध्ये तिथे एक छोटं पायपर विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर धडकलं, नऊ जण गेले. हे नियम सक्तीचे झाले ते त्यानंतर. तिथे जीपीएसचं काम एकच: उंचीची मर्यादा आणि पुढचा रिपोर्टिंग पॉइंट. बाकी डोळे बाहेर. खरं सांगू? आधी कुणा इन्स्ट्रक्टरसोबत एक फेरी मारून या, आईबाबा नंतर.

न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टरवर टीएफआर (तात्पुरती उड्डाणबंदी) आहे का तेही निघण्याआधी ब्रीफिंगमध्ये बघा. हवेत गेल्यावर रिसीव्हर दाखवेल, या भरवशावर राहू नका.

निळी_घार

सगळ्यांचे आभार. आयपॅड मिनीच घेते, आणि हडसनची फेरी पुढच्याच महिन्यात इन्स्ट्रक्टरसोबत. स्ट्रॅटक्स बघून नवऱ्याचे डोळे चमकलेत, त्यामुळे तो प्रश्नही मिटला.

काका, विजेचं काय? गाडीतला चार्जर विमानाच्या सिगरेट लायटरला चालतो ना?

चेरोकीवाला_काका

बघूनच लावा. माझी चेरोकी १४ व्होल्टची आहे. १७२ मात्र १९७८ च्या मॉडेलपासून २८ व्होल्टवर गेली. तुमच्या क्लबच्या दोन सेसनांपैकी कोणती कोणत्या साली बनली ते आधी शोधा. फक्त १२ व्होल्टच्या गाडीसाठी बनवलेला चार्जर २८ वर जळू शकतो. पाकिटावर १२ ते २४ व्होल्ट किंवा त्याहून मोठी रेंज लिहिलेली असेल तोच घ्या.

स्वस्त चार्जर रेडिओतही खरखर करतात. जमिनीवरच एखाद्या लांबच्या विमानतळाचं, जेमतेम ऐकू येणारं एटिस (विमानतळाची ध्वनिमुद्रित माहिती) लावा आणि चार्जर घाला-काढा. घातल्यावर आवाज बुडाला तर दुकानात परत. आयपॅडच्या कव्हरला लोहचुंबक असेल तर ते होकायंत्राजवळ नेऊन बघा, काटा हलतो का. हलला तर कव्हर घरी.