'रोलरकोस्टर टायकून' अजून का सुटत नाही?

निवांत_खेळाडू

नमस्कार मंडळी,

ख्रिस सॉयर यांनी घडवलेला, करमणुकीचे पार्क उभारून चालवण्याचा 'रोलरकोस्टर टायकून' हा संगणक-खेळ मार्च १९९९ मध्ये बाजारात आला. आपल्याकडे तो अधिकृत खोक्यातून फार कमी घरांत पोचला असावा. बहुतेकांना तो मित्राने दिलेल्या, वर मार्करने नाव खरडलेल्या सीडीवरूनच माहीत झाला. मीही त्यांतलाच एक आहे. माझा प्रश्न मात्र आठवणींपुरता नाही.

गेले काही आठवडे मी त्याच धाटणीचा २०१६ चा 'प्लॅनेट कोस्टर' नेटाने खेळतो आहे. त्यात झाडाचे पान हललेले दिसते, पाळण्याच्या खुर्चीत बसून खाली पाहता येते, एकेक दुकान विटेगणिक सजवता येते, आणि तरीही तासाभरात मला कंटाळा येतो. याउलट जुना खेळ पुन्हा सुरू केला की 'फॉरेस्ट फ्रंटियर्स' नावाचे ते पहिलेच सोपे पार्क, जिथे पहिल्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर २५० पाहुणे आणि पार्कचे ६०० रेटिंग एवढेच जमवायचे असते, तेही मला मध्यरात्रीपर्यंत जागवते. हा निव्वळ वयाचा आणि हळवेपणाचा परिणाम आहे, की त्या खेळाच्या बांधणीतच असे काही आहे जे पुढच्या खेळांनी सोडून दिले? ज्यांनी दोन्ही खेळले आहेत त्यांचे मत वाचायला आवडेल. 'तेव्हाचे दिवसच वेगळे होते' एवढेच म्हणायचे असेल, तर ते मला आधीच मान्य आहे असे समजावे.

तिरपी_रेघ

माझ्या मते कारण बांधणीतच आहे, आणि ते पाहुण्यांच्या डोक्यात आहे.

त्या खेळात पार्कात शिरलेल्या प्रत्येक माणसावर टिचकी मारता येते. त्याच्या खिशात किती पैसे उरले, त्याला भूक किती, तहान किती, मळमळते आहे का, किती तीव्रतेची राइड त्याला झेपते, हे सगळे एका छोट्या खिडकीत दिसते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या मनात या क्षणी काय चालले आहे तेही वाक्यात लिहिलेले असते. 'या राइडला एवढे पैसे मी देणार नाही', 'ही राइड मला झेपणार नाही', 'हा रस्ता किळसवाणा झाला आहे', 'मला बाहेर जाण्याचा रस्ता सापडत नाही'. ही वाक्ये साधी आहेत, पण प्रत्येक तक्रारीला उपाय आहे आणि तो आपल्याच हातात आहे. तिकीट उतरवा, सफाई कामगार नेमा, त्याला गवत कापण्याच्या कामातून मोकळा करून फक्त झाडू मारायला लावा, राइडच्या बाहेर पडायच्या वाटेवर बाक ठेवा. पाच मिनिटांत त्याच माणसाचा चेहरा बदललेला दिसतो. तक्रार, कारण, उपाय आणि परिणाम ही साखळी इतकी आखूड असलेला व्यवस्थापनाचा खेळ मला दुसरा आठवत नाही.

राइडचेही तसेच. रोमांच, तीव्रता आणि मळमळ असे तीनच आकडे. आपण स्वतः रूळ टाकून कोस्टर बांधला, एक वळण फार वेगात आडवे घेतले, आणि चाचणीनंतर तीव्रता दहाच्या पुढे गेली, की रांग रिकामी राहते. तेवढ्या एका वळणाला आतल्या बाजूला कल द्यायचा, किंवा त्याच्या आधी छोटा चढ घालून वेग मोडायचा, पुन्हा चाचणी घ्यायची. हे करताना माणूस वेळ विसरतो. सुंदर दिसणारे कोस्टर बांधणे हा वेगळा आनंद आहे आणि 'प्लॅनेट कोस्टर' तो भरभरून देतो, पण तिथे मी सजावटकार होतो. इथे मी मालक असतो, आणि मालकाला झोप लागत नाही.

खडूस_हिशेबनीस

वरील प्रतिसाद मनापासून लिहिला आहे, पण जुन्या खेळाला इतके निर्दोष ठरवू नये असे वाटते.

व्यवस्थापन म्हणून हा खेळ बराच सोपा आहे. कर्ज कमी व्याजाचे आहे, सुरुवातीला दोन-तीन स्वस्त राइड टाकल्या की पैसा आपोआप येऊ लागतो, आणि पाऊस सुरू झाला की माहितीकेंद्रातील छत्रीची किंमत वाढवून ठेवणाऱ्याला तोटा होणे कठीणच. पावसात भिजणारा पाहुणा छत्रीच्या किमतीची घासाघीस करत नाही. खिशात असतील तेवढे पैसे काढून देतो. (आपल्याकडच्या जूनमधल्या फेरीवाल्यांना ही युक्ती कोणी शिकवावी लागत नाही.) शौचालयालाही दर लावता येतो, आणि ज्याला घाई आहे तो देतो. हे सगळे गमतीचे आहे, पण त्याला सखोल अर्थकारण म्हणता येणार नाही.

दुसरे, ज्या पाहुण्यांच्या मनाचे एवढे कौतुक झाले ते रस्त्यावर अगदी आंधळे असतात. 'एव्हरग्रीन गार्डन्स' आठवते का? आधीच गुंतागुंतीच्या पायवाटांनी भरलेली ती बाग ताब्यात मिळते आणि निम्मे पाहुणे वाट चुकून रडकुंडीला येतात. हौसेने रुंद चौक बांधला तर माणसे त्यातच गोल गोल फिरत राहतात. अनुभवी खेळाडू सगळीकडे एकाच चौकटीच्या रुंदीची वाट बांधतो. तिला शोभा म्हणून अर्थ नाही, त्याला ते नाइलाजाने करावे लागते.

तिसरे, पहिल्या खेळात आपल्या मनाचे पार्क रचण्याची सोयच नव्हती. दिलेले सिनारिओ, म्हणजे ठरावीक ध्येय असलेली तयार पार्के, जिंकायचे आणि मगच पुढचे कुलूप उघडायचे. सिनारिओ रचण्याचे साधन २००२ च्या दुसऱ्या भागात आले. तेव्हा प्रश्नकर्त्यांना जी ओढ वाटते तिच्यात त्या कुलपांचा, म्हणजे 'अजून एकच पार्क' या लालसेचा, वाटा किती हे तपासून पाहावे.

पेंटियम_दोन

पाहुणे वाट का चुकतात याचे उत्तर तांत्रिक आहे, आणि तेच मूळ प्रश्नाचेही अर्धे उत्तर आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सॉयर यांनी हा खेळ जवळजवळ संपूर्णपणे एक्स-८६ असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या कष्टाच्या भाषेत, लिहिला. त्यांच्याच म्हणण्यानुसार तो ९९ टक्के असेंब्ली होता आणि विंडोज व तिच्या डायरेक्टएक्स या चित्र-आवाजाच्या यंत्रणेशी बोलण्यापुरतीच थोडी सी ही भाषा वापरली होती. चित्रे सायमन फॉस्टर यांची, संगीत अ‍ॅलिस्टर ब्रिंबल यांचे. एवढ्या छोट्या चमूने हा खेळ उभा केला, हे आजच्या खेळांची श्रेयनामावली पाहताना ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या काळच्या घरगुती यंत्रावर हजारभर स्वतंत्र माणसे, प्रत्येकाची भूक, तहान आणि मत यांसह, एकाच वेळी चालवायची म्हणजे प्रत्येकाच्या विचारावर खर्च होणारा वेळ मोजूनमापून द्यावा लागतो. वाट शोधणे हे सगळ्यात महागडे काम. म्हणून पाहुणा पुढच्या मोजक्याच फाट्यांपर्यंत विचार करतो, पार्कचा नकाशा विकत घेतलेला पाहुणा थोडा लांबचा विचार करतो, आणि कुठेच विशिष्ट जायचे नसेल तर चक्क भटकतो. रुंद चौकातली प्रत्येक फरशी त्याच्या दृष्टीने एक फाटा असते. तिथे त्याची शोधाची मर्यादा दोन पावलांतच संपते. हिशेबनीस साहेबांनी ज्याला आंधळेपणा म्हटले ती खरे तर काटकसर आहे.

आता या काटकसरीचा खेळाच्या स्वभावावर काय परिणाम झाला तो पाहा. सगळे काही चौकटींच्या जाळ्यावर आहे, दृश्य एकाच तिरप्या कोनातून दिसते आणि फार तर चार दिशांना फिरवता येते. आधी त्रिमितीत घडवलेल्या वस्तूंची चित्रे काढून ती सपाट मांडलेली आहेत. त्यामुळे पडद्यावरचा एकही ठिपका निरर्थक नाही. रांग किती लांब आहे, बाक मोडला आहे का, कचऱ्याचा डबा भरून वाहतो आहे का, हे एका नजरेत कळते. २००४ मध्ये फ्रंटियर कंपनीने केलेला तिसरा भाग त्रिमितीत गेला आणि त्यात आपल्या कोस्टरवर बसण्याची मौज पहिल्यांदा मिळाली, हे खरे. पण कॅमेरा मोकळा झाला तशी ती एका नजरेची माहिती विखुरली. झाडाआड काय चालले आहे ते पाहायला आता कॅमेरा फिरवत बसावे लागते. प्रश्नकर्त्यांना 'प्लॅनेट कोस्टर'मध्ये जो कंटाळा येतो त्याचे मूळ मला इथे दिसते.

सोपेपणाच्या आक्षेपाबद्दल एकच सांगतो. 'रेनबो व्हॅली' खेळून पाहा. तिथे जमिनीला हात लावायची आणि मोठी झाडे तोडायची परवानगी नाही. डोंगरउतारावर जसे जमेल तसे रूळ न्यावे लागतात. छत्र्या विकून ते पार्क कोणी जिंकल्याचे मला तरी ठाऊक नाही.

खोपोलीकर

मी थोडे निराळ्या बाजूने लिहितो. खोपोलीजवळ इमॅजिका हे थीम पार्क २०१३ मध्ये सुरू झाले आणि तिथल्या 'नायट्रो' या कोस्टरवर मी बसलो, तेव्हा माझ्याबरोबरची मंडळी उंचीबद्दल बोलत होती आणि मी ब्रेककडे पाहत होतो. तो कोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार कंपनीचा, बिनतळाच्या प्रकारातला आहे. गाडी सुटण्यापूर्वी पायाखालचा फलाट बाजूला सरकतो आणि पाय अधांतरी लोंबकळू लागतात. हा प्रकार मला आधीपासून ओळखीचा होता, कारण 'रोलरकोस्टर टायकून २'च्या यादीत तो आहे. चढाची साखळी, डोके खाली करणारे उलटे फेरे, शेवटी गाडीला थोपवून धरणारा पट्टा आणि मग स्थानकात हळूच प्रवेश, हा सगळा क्रम मी पडद्यावर कितीदा तरी बांधला होता.

गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून रुळाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडायची, ही ब्लॉकची कल्पना रेल्वेच्या सिग्नलांची आहे आणि खऱ्या कोस्टरांचीही. ती मला कोणत्याही पुस्तकाआधी या खेळाने शिकवली, तीही कठोरपणे. साधा कोस्टर घेऊन त्यावर दोन गाड्या सोडल्या, तो जुना झाला आणि एके दिवशी स्थानकातले ब्रेक निकामी झाले, की मागची गाडी भरधाव येऊन उभ्या गाडीवर आदळते, स्फोट होतो, आणि त्यानंतर ती राइड कितीही दुरुस्त केली तरी लोक तिकडे फिरकत नाहीत. मेकॅनिकच्या तपासणीची वेळ दहा मिनिटांवर आणणे आणि स्थानकात शिरणारा वेगच कमी ठेवणे हे दोन धडे त्यानंतर कोणी विसरत नाही.

मागच्या प्रतिसादांत तीव्रतेचा उल्लेख आला आहे, तिथे एक भर घालतो. दुसऱ्या भागात बाजूने बसणारा रेटा २.८ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या २.८ पटीच्या) वर गेला की तीव्रता आणि मळमळ एकदम उसळतात, आणि ३.१ च्या वर गेला की रोमांचाचा आकडा थेट निम्मा होतो. पूर्वी आम्ही हे अंदाजाने शिकलो होतो. आता स्वयंसेवकांनी पुन्हा लिहिलेल्या मुक्तस्रोत आवृत्तीचा कोड वाचून कोणालाही खात्री करून घेता येते. आडव्या वळणाला कल का द्यायचा याचे पदार्थविज्ञान मला शाळेत समजले नव्हते, पण या दोन आकड्यांनी ते पाठ करून घेतले. सजावट करणारे खेळ हे शिकवत नाहीत, कारण त्यांत चुकीची शिक्षा इतकी स्पष्ट नसते.

निवांत_खेळाडू

सर्वांचे आभार. हिशेबनीस साहेबांचा कुलपांचा मुद्दा मला पटला. मी जुना खेळ उघडतो तेव्हा पुढचे पार्क दिसत असते, आणि नव्या खेळात रिकामे मैदान समोर येते. पेंटियम_दोन यांनी दाखवलेले एका नजरेचे कारणही तितकेच खरे वाटते. दोन्हींपैकी एकच निवडा असे म्हटले तर मी दुसरे निवडीन, कारण सगळी पार्के जिंकून झाल्यावरही मी हा खेळ सोडला नव्हता.

आता एक व्यवहाराचा प्रश्न. माझी जुनी सीडी नव्या यंत्रावर रडतखडत चालते, पडद्याच्या मध्यभागी लहानसा चौकोन दिसतो. यावर रुळलेला उपाय कोणता?

पेंटियम_दोन

दोन मार्ग आहेत. त्रास नको असेल तर 'रोलरकोस्टर टायकून क्लासिक' घ्यावा. २०१६ च्या अखेरीस तो आधी मोबाइलवर आला आणि पुढच्या वर्षी संगणकावर. पहिल्या दोन्ही भागांतील पार्के आणि राइड त्यात एकत्र केल्या आहेत. फोनवर बोटाने रूळ टाकणे मला जमते, पण गर्दीतून एकच पाहुणा नेमका उचलणे जमत नाही, एवढे सांगून ठेवतो.

दुसरा मार्ग 'ओपन-आरसीटी-२'. टेड जॉन यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प आहे. सॉयर यांची असेंब्ली उलगडत, तुकड्यातुकड्याने, आधी सी आणि मग सी-प्लसप्लसमध्ये त्यांनी आणि इतर स्वयंसेवकांनी तो खेळ पुन्हा लिहून काढला. तो विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो, मोठ्या पडद्यावर नीट पसरतो, वेळ हवा तेवढा पळवता येतो आणि मित्रांबरोबर एकाच पार्कात बसता येते. अट एकच, मूळ दुसऱ्या भागाच्या किंवा संगणकावरच्या 'क्लासिक'च्या फाइली तुमच्याकडे असायला हव्यात, कारण चित्रे आणि आवाज त्यांतूनच घेतले जातात. दुसरा भाग आजही ऑनलाइन दुकानांत विकत मिळतो आणि सवलतीच्या दिवसांत फारच स्वस्त असतो. पहिल्या भागाच्या फाइलीही तुमच्याजवळ असतील तर सेटिंग्जमध्ये त्यांचा फोल्डर दाखवून द्या, म्हणजे 'फॉरेस्ट फ्रंटियर्स'पासूनची सगळी जुनी पार्के त्याच यादीत येतील.

खडूस_हिशेबनीस

त्यात स्वतःचे चलन ठरवण्याचीही सोय आहे. रुपयाचे चिन्ह घालून खेळा. मात्र विनिमयाचा दर आधी नीट भरून घ्या.