मदत हवी आहे: दादाच्या तानपुऱ्याची जवारी काढून घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न आधी लिहिते, पाल्हाळ नंतर. माझ्या थोरल्या भावाचा मिरजेचा पुरुषी तानपुरा माझ्याकडे आला आहे. पट्टी काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर त्याचा सा. दादाला जाऊन वर्ष उलटलं, आणि तेव्हापासून तो खोळीतच होता. पोलादी तारांवर गंज आहे, खर्जाची (सगळ्यात खालच्या सा ची) पितळी तार काळी पडली आहे. छेडला तर नुसतं टण्ण वाजतं आणि थांबतं, गुंजन नाही. इथे डोंबिवलीत एका वाद्यांच्या दुकानात दाखवला. "घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) घासून देतो, संध्याकाळी न्या" म्हणाले. मी तो तसाच उचलून घरी आणला.

कारण जवारी काढणं म्हणजे घोडीचा माथा नव्याने घासून तारांचं गुंजन परत आणणं, आणि आत्ताची जवारी दादाने स्वतः लावलेली आहे. घोडी घासली की ती गेली. मग तो तानपुरा दादाचा, पण आवाज त्या दुकानदाराचा, असं होईल ना? की मी उगाच खुळ्यासारखा विचार करतेय? जाणकारांनी सांगावं.

आता पाल्हाळ. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. सूतगिरणीत नोकरी, पहाटे रियाज, संध्याकाळी शिकवण्या. सांगली आकाशवाणीवर अधूनमधून गायचा. मोठा गवई वगैरे झाला नाही, तशी धडपडही त्याने केली नाही. मला गळा नाही. लहानपणी त्याने महिनाभर शिकवून बघितलं आणि शेवटी आईला सांगितलं, "हिला तानपुऱ्यावर बसव, त्यात हिचं आणि माझं दोघांचं भलं आहे." तेव्हापासून माझं लग्न होईपर्यंत मी त्याच्या मागे बसून तानपुरा छेडला. पहिली पंचमाची तार मधल्या बोटाने, पुढच्या तिन्ही तारा तर्जनीने. तबलजी आला की माझं बोट आपोआप ठेक्यात जायचं आणि दादा मागे न बघता डाव्या हाताने "नको" अशी खूण करायचा. तानपुऱ्याने तालात जायचं नसतं, संथ एकसारखं चालायचं असतं, हे मला समजायला बराच काळ लागला.

त्यामुळे आमचं संगीत म्हणजे मी बघितलेली त्याची पाठ आणि उजवा कान. राग मला पहिल्या तारेवरून कळायचे. पंचम उतरवून मध्यम केला की आज मालकंस. निषाद केला की मारवा नाहीतर पूरिया, आणि त्या दोघांतला फरक मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. दरवर्षी मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या संगीतसभेला जायचो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांची कबर तिथेच आहे. दादा आधी तिथे जायचा, मग मंडपात. खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी तो घरी कधीच गायचा नाही, फक्त सायकलवरून जाताना गुणगुणायचा. विचारलं तर म्हणायचा, "ती बसून गायची माझी लायकी नाही."

हे सगळं लिहायचं कारण एवढंच की त्याच्या गाण्याच्या दोन कॅसेट आहेत, त्या भाच्याने संगणकावर उतरवूनही घेतल्या. पण त्यात गाणं पुढे आणि तानपुरा लांब कुठेतरी. मला कानात हवा आहे तो जवळचा आवाज, जो मांडीवरून वर यायचा. तो कुठेच रेकॉर्ड नाही. तो फक्त त्या घोडीवर आहे.

आणखी एक. भाची बारावीत आहे, गायला शिकते, तिची पट्टी काळी चार. हा तानपुरा तिच्यासाठी काळी चारला चढवता येईल का? वहिनींची तशी इच्छा आहे.

---

खटपट्या:
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पुरुषी तानपुरा फ्लॅटमध्ये ठेवायला जागा लागते, सुरात मिळवायला कान लागतो आणि वाजवायला माणूस लागतो. गाणारं कुणी नसेल तर एखाद्या संगीत विद्यालयाला द्या, रोज वाजेल. भाचीला ॲप पुरे. आजकाल मोठमोठे गायकसुद्धा रियाजाला ॲपच लावतात.

धागाकर्ती:
राग नाही. पण "वाजवायला माणूस" मीच आहे की.

मिरजेचा मी:
दुकानातून उचलून आणलात हे फार चांगलं केलंत. "संध्याकाळी न्या" म्हणणाऱ्याला जवारीचं काम द्यायचंच नाही. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी बारीक उतार असतो. तार त्या उतारावर जेमतेम टेकते आणि थरथरताना तिचा टेकण्याचा बिंदू मागेपुढे होत राहतो, त्यातून ते गुंजन निघतं. कानस जरा जास्त चालली की उतार गेला. म्हणून चांगला कारागीर थोडं घासतो, तार चढवतो, ऐकतो, परत उतरवतो. चारी तारांचं वेगवेगळं. त्यात अख्खा दिवस जातो.

पण घासण्यापर्यंत जाऊच नका अजून. आधी तारा बदला. गंजलेल्या तारेला कुठलीच जवारी बोलत नाही. नव्या तारा एकदम पट्टीला आणू नका, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा, नव्या तारा ताणत राहतात. मग दोरा. तार आणि घोडी यांच्यामधला सुती दोरा जुना झाला की दबतो, मेणचट होतो. साधा शिवणाचा दोरा घ्या, एकपदरी, तारेखाली घाला आणि दोन्ही टोकं धरून केसाएवढा केसाएवढा सरकवत तार छेडत राहा. एका जागी आवाज अचानक उघडेल. ती जागा चुकली की परत बंद. तुम्ही इतकी वर्षं मागे बसला आहात, तुम्हाला ती जागा ऐकू येणारच.

एवढं करूनही टण्णच वाजलं तर घोडीला तिरका उजेड दाखवून बघा. तारांखाली चर पडलेत का? चर असतील तर दोऱ्याने भागणार नाही, जवारी काढावीच लागेल.

आता तुमच्या मुख्य शंकेबद्दल. रोज वाजणाऱ्या तानपुऱ्याची जवारी काही वर्षांत बसतेच, रोज घासून तार घोडीत उतरते. तुमच्या दादांनी ती कितीदा तरी पुन्हा लावली असणार. म्हणजे तुमच्या कानात जो आवाज आहे तो एका जवारीचा नाहीच. घोडी झिजत गेली, तारा बदलल्या, दोरे बदलले. आवाज तोच वाटला कारण दर वेळी निवडणारा कान तोच होता. तेव्हा घोडी जपायची की त्यांची आवड, ते ठरवा. त्यांना जवारी कशी लागायची, खुली (झणझणीत), गोल (मऊ, भरलेली) की बंद (दबलेली)?

धागाकर्ती:
हे मी या बाजूने बघितलंच नव्हतं. दर पावसाळ्यानंतर तो अंगणाकडच्या खोलीत दार लावून बसायचा हे आठवतं. आम्हाला वाटायचं रियाज, पण तिथून एकच तार ऐकू यायची, तासन्‌तास. जेवायला हाक मारली तरी ओ नाही.

खुली की गोल हे नावाने माहीत नाही. जोडाच्या (मधल्या दोन सा च्या) तारा छेडल्यावर त्यातून गंधार ऐकू आला पाहिजे असं म्हणायचा, आणि आला की माझ्याकडे बघायचा. आवाज फार झणझणीत झाला तर "डास झाला" म्हणून दोरा हलवायचा.

षड्जपंचम:
मग गोल. किराणा घराण्याच्या माणसाला शोभेल अशीच आवड आहे. आणि गंधार म्हणाल तर तो चांगल्या खर्जातून जास्त स्पष्ट येतो, तेव्हा खर्जाची तार बदलताना स्वस्त घेऊ नका.

मी गाते आणि शिकवते, म्हणून भाचीच्या पट्टीचं सांगते. कृपा करून हा तानपुरा काळी चारला चढवू नका. काळी एकवरून काळी चार म्हणजे पंचमाएवढं अंतर. या लांबीच्या दांडीवर तारा तरी तुटतील, नाहीतर तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) इतका दाब येईल की ती बसेल. पातळ तारा घालून फार तर काळी दोनपर्यंत न्या, त्यापुढे नाही. बायकांच्या तानपुऱ्याची दांडीच आखूड असते, ती उगाच नव्हे. भाचीला तिच्या पट्टीचा वेगळा घ्या.

पण हा तिच्यासाठी निरुपयोगी आहे असंही नाही. आठवड्यातून एकदा तुम्ही छेडा आणि तिला नुसतं समोर बसवा, गायचं नाही. माझ्या गुरूंनी मला सुरुवातीला असंच बसवलं होतं. फार कंटाळा आला होता. आता माझ्या विद्यार्थ्यांना मी तोच कंटाळा देते.

खटपट्या:
माझा विद्यालयाचा सल्ला मागे घेतो. पण ॲपचा नाही.

धागाकर्ती:
नवी खबर. तारा उतरवल्या. खर्जापासून सुरुवात केली, कारण ती सगळ्यात खराब होती. दोरे तिन्ही पोलादी तारांखाली होते, खर्जाखालचा कुठेतरी पडून गेला असावा. घोडी मऊ फडक्याने पुसली आणि तानपुरा खिडकीशी तिरका धरला. चर आहेत, जोडाच्या दोन्ही तारांखाली बोटाच्या नखाला लागतील इतके. पंचमाखाली नाहीत.

पण घोडीच्या कडेला पेन्सिलच्या बारीक रेघा सापडल्या. प्रत्येक तारेपाशी एक, खर्जापाशी दोन, त्यातली एक खोडलेली. म्हणजे दोरा कुठे बसवायचा त्याच्या खुणा. हा माणूस किराणा सामानाची यादी कधी लिहायचा नाही, सगळं लक्षात आहे म्हणायचा आणि मीठ विसरून यायचा. आणि इथे रेघा मारून ठेवल्या आहेत.

@मिरजेचा मी, घोडी न घासता नवी बनवून घेता येते का? जुनी आहे तशी काढून ठेवायची.

मिरजेचा मी:
येते. जुनी हाडाची असेल, नवीही हाडाची किंवा शिसवीची मिळेल, हल्ली कृत्रिम मटेरियलचीही बनवतात. मी हाडाचीच सांगेन. मात्र काही जुन्या तानपुऱ्यांत घोडी सरसाने चिकटवलेली असते, ती स्वतः उचकटू नका, तबलीचा टवका निघेल. मिरजेला घेऊन या. सतारमेकर मंडळींची घराणी अजून काम करतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. जवारीला बसणारे हात त्याने वाढले नाहीत, तेव्हा आधी फोन करून वेळ ठरवा आणि निदान दोन दिवस मुक्काम धरून या. कारागिराला नुसतं "जवारी काढा" म्हणू नका. शेजारी बसा आणि डास झाला की सांगा. जुनी घोडी समोर ठेवा, उंची आणि उतार त्यावरून घेतील.

भोपळाही तपासून घ्या. वर्षभर बंद खोळीत होता म्हणता, कीड लागली असेल तर बारीक भोकं आणि खाली पिवळसर भुगा दिसेल. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे ते जाड सालीचे मोठे भोपळे आता पूर्वीसारखे सहज मिळत नाहीत. असलेला वाचवलेला बरा.

धागाकर्ती:
भुगा नाही, बघितलं. वहिनींशी बोलले, त्याही येणार आहेत मिरजेला. भाचीला वेगळा तानपुरा तिथेच बघू. आता शेवटचा प्रश्न: महालक्ष्मीने जायचं आहे. एवढं धूड ट्रेनमधून न्यायचं कसं? दादा नेहमी एसटीने न्यायचा, स्वतः उभा राहून तानपुऱ्याला सीट द्यायचा.

षड्जपंचम:
वरचा बर्थ घ्या आणि तो तानपुऱ्याला द्या. तुंबा (भोपळा) भिंतीकडे, तबली वर, दांडीखाली चादरीची घडी. तुम्ही खालच्या बर्थवर. टीसीने विचारलं तर आजारी नातेवाईक म्हणा.

मिरजेचा मी:
तारा परत चढवा आणि खुंट्या थोड्या सैल ठेवा, तारा पूर्ण ढिल्या करू नका. घोडी चिकटवलेली नसेल तर वाटेत सरकेल. आणि निघण्याआधी त्या पेन्सिलच्या खुणांचा मोबाइलवर जवळून, नीट उजेडात फोटो काढून ठेवा. प्रवासात फडकं घासलं तरी पुसल्या जातील.