पेडेस्टलमधले अँकर बोल्ट: खोली वाढवूनही क्षमता वाढत नाही

प्रश्न (जालना): स्टील शेड, पेडेस्टल (स्टीलचा खांब बसतो तो काँक्रीटचा ठोकळा) ४५०×४५० मिमी, एम२५ काँक्रीट. एम२४ चे (२४ मिमी व्यासाचे) चार बोल्ट, कडेपासून १००, आपसातलं अंतर २५०. फॅक्टर्ड अपलिफ्ट (सुरक्षा गुणक धरून वर उचलणारं बल) १२० केएन. एक्सेलमध्ये बोल्टची काँक्रीटमधली खोली ३०० ची ५०० केली, तरी ब्रेकआउट (बोल्टसोबत काँक्रीटचा शंकू उखडणं) फेलच. फॉर्म्युला चुकलाय का?

उत्तर १ (संभाजीनगर): शीट बरोबर आहे, सर. चारही कडा दीडपट खोलीपेक्षा जवळ असल्या की एसीआय ३१८ (अमेरिकन काँक्रीट कोड) हिशोबात धरायच्या खोलीवर मर्यादा घालतं: कड भागिले १.५ किंवा अंतर भागिले ३, जे मोठं ते. इथे २५०/३ म्हणजे ८३ मिमी. पुढे कितीही वाढवा, आकडा हलणार नाही. एम२५ मधले २५ ही क्यूबवर मोजलेली ताकद आहे, कोडला सिलिंडरवरची लागते. सेलमध्ये सिलिंडरचे २० टाका, हे फार जण विसरतात.

उत्तर २ (लातूर): अपलिफ्ट काँक्रीटऐवजी पेडेस्टलच्या उभ्या सळ्यांना द्या (०.७५ हा कोडचा गुणक, ५०० ही सळईची ताकद). १२००००/(०.७५×५००) = ३२० चौ.मिमी, म्हणजे १२ मिमीच्या चार सळ्या पुरतात. सळई बोल्टपासून अर्ध्या खोलीच्या आत हवी, आणि ब्रेकआउट कोनच्या वर-खाली पूर्ण डेव्हलपमेंट लेंथ (सळईने पूर्ण पकड घ्यायला लागणारी लांबी). वर जागा कमी पडते, म्हणून बोल्ट लांब करा नाहीतर सळईला हुक द्या. खोली खरी इथे कामाला येते.

उत्तर ३ (नांदेड): टेम्पलेट प्लेटशिवाय (बोल्ट जागेवर धरणारी भोकांची प्लेट) काँक्रीट ओतू देऊ नका भाऊ. व्हायब्रेटर लागला की बोल्ट सरकतो, आणि १०० ची कड ८५ होते.